विंचवाचे विष आणि एक साधी गोळी

(राजूर येथे केलेल्या भाषणाचा गोषवारा)



वैद्यकीय संशोधन म्हटले की मोठ्या शहरांतील प्रयोगशाळा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. आज मी बोलणार आहे ते घाटाखालच्या एका आरोग्य केंद्रातून सुरू झालेल्या संशोधनाविषयी; कारण त्याची गरज मुंबईपेक्षा राजूरच्या वाड्यापाड्यांना अधिक आहे.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू डसलेली माणसे, त्यांतही लहान मुले, त्यांच्यासमोर दगावत होती. प्रचलित उपचार कामी येत नव्हते. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी रात्री जागून नोंदी ठेवल्या: वांती, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब आणि अखेर फुप्फुसांत साचणारे पाणी. या पूर्वलक्षणांवरील त्यांचे लेखन १९८२ साली ‘लॅन्सेट’ने छापले. विषामुळे शरीरातील ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये उसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय थकते, हे एकदा उमगल्यावर उपायाची दिशा सापडली. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी, रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी त्यांनी वापरली. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा ४०च्या घरात मृत्यू होत. ते प्रमाण शेकडा १ पर्यंत उतरले. पुढे डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह त्यांनी महाडला ७० रुग्णांवर पद्धतशीर चाचणी केली. प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिली तर रुग्ण लवकर सावरतो, हा तिचा निष्कर्ष २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला.

हे काम आधी कोणी का केले नाही? विंचू डसतो तो अनवाणी शेतमजुराला, जमिनीवर निजणाऱ्या पोराला. त्यांच्या दुखण्यात कोणत्याही कारखानदाराला नफा दिसत नाही.

प्रतिबंधाच्या गोष्टी आपणांस ठाऊक आहेत: पायांत चपला, रात्री हाती विजेरी, झटकलेले अंथरूण, घरापासून दूर रचलेली लाकडे. मात्र ज्याच्या घराच्या भिंतींना फटी आहेत, त्याला केवळ उपदेश करून भागणार नाही. मांत्रिकाला शिव्या देण्यातही अर्थ नाही. लोक त्याच्याकडे जातात, कारण मध्यरात्री तो घरी सापडतो.

ठणका कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. घाम, वांती, गार हातपाय दिसले की रुग्णाला तडक दवाखान्यात न्या. गोळी जितकी लवकर पोटात जाईल तितके बरे. पण पावसाळ्यात डोंगरवाटा तुडवून दवाखाना गाठल्यावर तेथे गोळी नसेल, तर चाळीस वर्षांचे संशोधन त्या मुलाच्या काय उपयोगाचे? म्हणून येत्या ग्रामसभेत विचारा: आपल्या केंद्रात आज रात्री प्राझोसिन आहे काय, आणि ती द्यायला कोण हजर असेल? साठा आहे असे उत्तर मिळाले, तर पाकिटावरची मुदतही वाचून या.