वणव्याचा धूर आणि पेशींची परीक्षा

फाल्गुन-चैत्रात जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील डोंगरउतारांवरचे वाळलेले गवत पेटले,
की त्याचा धूर वाड्यावस्त्यांपर्यंत उतरतो.
हा धूर शरीरात नेमके काय करतो?

प्रयोगशाळेत त्याची परीक्षा अशी होते.
लाकूड आणि पालापाचोळा भट्टीत जाळून,
धुरातले सूक्ष्म कण गाळणीवर गोळा करून,
त्यांचा अर्क पात्रात वाढविलेल्या मानवी फुप्फुसांच्या पेशींना दिला जातो.
मग किती पेशी मृत झाल्या,
कितींत दाह उत्पन्न झाला,
जनुकद्रव्यास इजा पोहोचली काय,
याची बारकाईने तपासणी होते.

पात्रातली पेशी म्हणजे सबंध मनुष्य नव्हे, हे खरे;
परंतु धुराच्या कणांनी पेशींना इजा होते, हे अशा प्रयोगांतून वारंवार आढळले आहे.
शिवाय तेवढेच इंधन भडकून जळण्यापेक्षा धुमसत जळाले, तर धूर अधिक निघतो;
म्हणून ज्वाळा शमल्या, तरी धोका टळला असे समजू नये.

पुन्हा सांगतो :
वणव्याचा धूर केवळ डोळ्यांना झोंबत नाही,
तो पेशींनाही इजा करतो.

तेव्हा गवत पेटवू नका.
धुरात मुलांना आणि वृद्धांना घरातच ठेवा.
आणि वणवा दिसताच वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर विनाविलंब वर्दी द्या.