गाडी थांबते, आपण थांबत नाही



बैलगाडीत आपल्यातले बरेच जण बसलेले आहेत. गाडी हिसका देऊन निघाली, की सारे मागे कलंडतात. पुढे ओढा लागतो, गाडीवान कासरा खेचतो, गाडी थबकते. आणि तीच माणसे आता पुढे झुकतात. कुणी ढकलले का? कुणीच नाही.

उभी वस्तू उभीच राहू पाहते. चाललेली वस्तू त्याच वेगाने, नाकासमोर, चालतच राहू पाहते. बाहेरून जोर लागला तरच त्यात फरक पडतो. इंग्लंडातील न्यूटन या शास्त्रज्ञाने हा नियम १६८७ साली आपल्या ग्रंथात मांडला.

तुम्ही म्हणाल, "अहो, ढकलायचं सोडलं की हातगाडी थांबतेच की!" खरे आहे. पण ती आपोआप थांबत नाही. रस्त्याशी आणि आसाशी चाके घासतात, ते घर्षण तिला थांबवते. म्हणून तर आपण आसाला वंगण घालतो.

आता फाट्यावर एस. टी. हळू होते. पुरती थांबायच्या आत एखादा घाईचा गडी उडी टाकतो. पाय जमिनीला टेकून थांबतात, वरचे अंग मात्र गाडीच्याच वेगाने पुढे जाते. गडी तोंडावर आपटतो, आणि मागून मागचे चाक येत असते! एका मिनिटासाठी हे करावे का, तुम्हीच सांगा.

यापेक्षाही आम्हाला भीती वाटते ती वडापच्या जीपमध्ये पुढे बसलेल्या आईची. मांडीवर दहा किलोचे मूल आहे. जीप ताशी ४० किलोमीटरने चालली आहे, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. समजा, ती झाडावर आदळली आणि सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. जीप थांबली, मूल थांबलेले नाही. तेवढ्याच वेळात त्याला थांबवायचे, तर आईच्या हातांना एक क्विंटलाहून जास्त वजन पेलण्याइतका जोर लावावा लागेल.

आमच्या वर्गात एका बाईंनी विचारले, "घट्ट धरलं तर?" आम्ही म्हणालो, "बाई, क्विंटलाचं पोतं अंगावर आलं तर हातांनी झेलाल का?" त्या गप्प झाल्या. माया कमी पडत नाही हो, हातांचा जोर कमी पडतो.

वेग दुप्पट झाला, तर थांबायला जागा चौपट लागते. ड्रायव्हरला "जरा दामटा" म्हणताना हे ध्यानात असू द्या.

गाडीतला पट्टा याचसाठी असतो. तो आपल्याला गाडीला जखडतो, म्हणजे गाडीबरोबर आपणही थांबतो. पण एका पट्ट्यात एकच माणूस. मांडीवरच्या मुलाला आपल्याच पट्ट्यात घेऊ नका. गाडी आदळली, की पुढे पट्टा आणि मागून आपले सारे अंग, यांच्यामध्ये ते चेंगरते. लहान मुलाला मागच्या बाकावर, त्याच्या मापाच्या वेगळ्या आसनात बांधून बसवतात.