‘महल’ : भूत न दाखवता घाबरवणारा सिनेमा

आजचा एपिसोड हेडफोन लावून ऐका.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलं होतं, “हॉरर सुचव, पण उगाच किंचाळणारा नको.” तसं आम्हा जुन्नर-आंबेगावकरांना घाबरवणं अवघडच. रात्री लाइट आली की मोटर चालू करायला शेतात जाणाऱ्या माणसाला भुतापेक्षा बिबट्याची धास्ती जास्त! तरीही एका सिनेमाने माझी झोप उडवली. ‘महल’, साल १९४९. ब्लॅक अँड व्हाइट आहे म्हणून लगेच स्किप करू नका.

वादळी रात्री अशोक कुमार नदीकाठच्या एका ओसाड वाड्यात येतो. म्हातारा माळी त्याला जुन्या मालकाची गोष्ट सांगतो. मालकाची नाव बुडाली, त्याची वाट बघणारी कामिनीही गेली. आणि मग भिंतीवरची तसबीर दिसते. त्या मालकाचा चेहरा हुबेहूब याच्यासारखा! पुढचं सांगत नाही, शिव्या घालाल.

यात रक्त नाही, विद्रूप चेहरे नाहीत. आहे ते घड्याळाचे ठोके, हलणारा झोपाळा आणि सोळा वर्षांची मधुबाला. कमाल अमरोहींचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच सिनेमा, मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा. ‘आएगा आनेवाला’ हे गाणं यातलंच. सुरुवातीला आवाज लांबून जवळ येतोय असं वाटतं ना? ते सॉफ्टवेअर नाही हां! माइक खोलीच्या मध्ये ठेवला होता आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात चालत माइकपर्यंत आल्या. गंमत म्हणजे रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. भुताचंच!

हा सिनेमा मी आजीबरोबर मोबाइलवर पाहिला. माळी बोलायला लागला तशी आजी म्हणाली, “मालक मेला, मग ह्याला पगार कोण देतं रे?” मी हसलो. मग ती हळूच म्हणाली, “त्यांचं घर उभं तरी आहे. आपल्याला कुलूप लावायलासुद्धा राहिलं नाही.”

आमचं मूळ घर जुन्या आंबेगावात होतं. डिंभे धरणाच्या पाण्यात ते गाव गेलं. मी सिनेमा थांबवला. तासभर आजी सांगत होती, जातं कुठे होतं, कुठलं दार करकरायचं, सामान हलवताना काय मागे राहिलं. बाबाही दारात उभे राहून ऐकत होते. यातलं बरंचसं त्यांनाही माहीत नव्हतं. मी गुपचूप रेकॉर्डिंग चालू केलं. ती फाइल आता तीन ठिकाणी सेव्ह आहे.

सिनेमा अडीच तासांहून मोठा आहे, मधे रेंगाळतो, हे आधीच सांगतो. पण फॉरवर्ड करू नका. रात्री, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून बघा. आणि ते मधेच बोलायला लागले, तर सिनेमा थांबवा. तो पंच्याहत्तरहून जास्त वर्षं थांबलाय, अजून तासभर थांबेल.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आणि हो, मोटर चालू करायला जाताना बॅटरी घेऊन जा!