सायकल रात्रीच तयार ठेवा

सायकलनं कामावर जायचं ठरतं.
चार दिवस जमतं.
मग सुटतं.

बहुतेकदा सकाळच्या घाईत.
चाकात हवा नसते, आणि हात गाडीच्या किल्लीकडे जातो.
म्हणून सायकल रात्रीच तयार ठेवा.
हवा बघा.
साखळीला तेल द्या.

बीडचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे.
मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर जातो.
तेव्हा सकाळी लवकर निघा.
डोक्याला रुमाल बांधा.
परतताना ऊन कलू द्या.

पुन्हा सांगते,
सायकल रात्रीच तयार ठेवा.

मांजरसुंब्याचा घाट पहिल्याच आठवड्यात नको.
बालाघाटाचा चढ दमवतो.
आधी गावातलं जवळचं अंतर धरा.
आठवड्यातले दोनच दिवस ठरवा.

आणि एक सोबती गाठा.
तो कोपऱ्यावर वाट पाहत असला,
की घरातून निघावंच लागतं.
तुमच्या ऑफिसात कोण जवळ राहतं,
आजच विचारा.