खादाड कोण?

मे २०२० मध्ये टोळांचे थवे विदर्भात काटोल, वरूडकडच्या संत्राबागांपर्यंत येऊन पोचले. तेव्हा टोळाला एकच विशेषण लागत होतं : खादाड. समोर येईल ते फस्त करणारा. आमच्या घरच्या दखनीत त्याला टिड्डी म्हणतात आणि तिथंही त्याची कीर्ती काही वेगळी नाही. पण शब्द पारखून घेण्याची कवीला खोडच असते. टोळ खरंच आंधळेपणानं खातो का?

टोळाला आपल्यासारखी जीभ नसते. त्याच्या तोंडाच्या अवयवांवर अतिशय बारीक रोम असतात. पान खाण्याआधी हे रोम त्यावर टेकवून तो चव घेतो. गंमत पुढंच आहे. अंगात प्रथिनं कमी पडली, की त्याच्या रक्तातली अमिनो आम्लं घटतात. मग हेच रोम अमिनो आम्लांची चव अधिक तीव्रतेनं टिपू लागतात. कर्बोदकं कमी पडली, की साखरेची. जे अंगात उणं, तेच तोंडाला गोड!

ऑक्सफर्डमध्ये स्टीफन सिम्प्सन आणि डेव्हिड राउबेनहायमर या दोन शास्त्रज्ञांनी टोळाच्या पिल्लांना २५ प्रकारचं खाद्य घातलं. प्रत्येकात प्रथिनं आणि कर्बोदकं यांचं प्रमाण वेगळं. १९९३ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. कमी प्रथिनांचं खाद्य वाट्याला आलेली पिल्लं ते जास्त खात राहिली. अंगावर चरबी चढली, पण वाढ रेंगाळली. दोन पूरक खाद्यं शेजारी ठेवली, तर मात्र टोळ दोन्हींतलं थोडंथोडं खाऊन आपलं प्रमाण बरोबर जुळवतो. म्हणजे ते जास्तीचं खाणं हावरेपणाचं नव्हतं. अन्नात जे कमी होतं, त्याचा तो शोध होता.

२००५ मध्ये या दोघांनी माणसाविषयीही असाच तर्क मांडला : आहारात प्रथिनांचा वाटा घटला, की माणूस बाकीचं जास्त खातो. त्यावर अभ्यासकांत चर्चा चालू आहे. ती चालू द्या. आपण आपल्या आसपास पाहू. मजुराच्या पोरानं एक भाकरी जास्त मागितली, की कुणीतरी पटकन म्हणतं, ‘पोट आहे की रांजण?’ असं म्हणण्याआधी त्याच्या वाटीत डोकावून पाहावं. डाळ महागली, की घरोघरी वरण पातळ होतं आणि भाकऱ्यांची चळत वाढते. त्या पोराला खादाड म्हणणं मला तरी जमत नाही.