गोळीची हजेरी

औषधांविषयी बोलण्याचा अधिकार वैद्यांचा. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या आणि जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना पाढे शिकविलेल्या माणसाचा नव्हे. तथापि 2008 सालापासून ज्या रोगाशी माझे बिऱ्हाड एकत्र आहे, त्याच्याविषयी शेजाऱ्याच्या नात्याने दोन शब्द बोलण्यास हरकत नसावी. मात्र आज मी बोलणार आहे ते मुख्यतः त्या रोगाने एकत्र आणलेल्या माणसांविषयी, आणि त्यांच्यात वावरताना मजकडून घडलेल्या एका प्रमादाविषयी.

या रोगाचे नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. आम्ही रोगी त्यास नुसते ‘सीएमएल’ म्हणतो. हा रक्ताचा कर्करोग होय. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका थेंबाहूनही लहान अशा ठराविक मापात पांढऱ्या पेशी चार हजारांपासून अकरा हजारांपर्यंत असतात. माझ्या रक्तात त्या दोन लाखांवर गेल्या होत्या. डाव्या कुशीत जडपणा वाटे, तो मी अजीर्णाचा समजत होतो. वस्तुतः ती वाढलेली प्लीहा होती. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या ज्या जोड्या असतात, त्यांपैकी नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन बसतात आणि त्यातून हा अनर्थ उद्भवतो. नॉवेल आणि हंगरफोर्ड या दोघा संशोधकांना हे विकृत गुणसूत्र अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी 1960 साली प्रथम दिसले, म्हणून त्यास त्या शहराचेच नाव पडले.

रोग आरंभी मंदगतीचा असतो. पूर्वी तीन ते पाच वर्षे असा सौम्य काळ जाई, आणि मग एके दिवशी तो अकस्मात उग्र रूप धारण करी. कच्च्या, अपक्व पेशी रक्तात आणि अस्थिमज्जेत झपाट्याने माजू लागतात. शंभरात वीस वा त्याहून अधिक झाल्या की वैद्य त्यास ‘ब्लास्ट क्रायसिस’ म्हणतात. ताप, हाडांतील ठणका, रक्तस्राव, आणि बहुधा काही महिन्यांत शेवट. 2001 साली इमॅटिनिब नावाची गोळी अमेरिकेत मान्य झाली आणि या रोगाचे पानच उलटले. रोज एक गोळी, भरल्या पोटी, मोठा पेलाभर पाण्याबरोबर. ती लागू पडलेला रोगी आज जवळजवळ इतरांइतके आयुष्य जगू शकतो. ते उग्र रूप त्यामुळे दुर्मिळ झाले. दुर्मिळ झाले, नाहीसे झाले नाही, हे कृपा करून ध्यानात ठेवावे.

मला रोग झाला तेव्हा मूळ कंपनीच्या गोळीची महिन्याची किंमत लाखाच्या वर होती. शिक्षकाच्या पगारात ती कशी बसावी? परंतु मॅक्स फाउंडेशन या संस्थेच्या द्वारे ही गोळी हजारो भारतीय रोग्यांना विनामूल्य मिळत असे, त्यांत मीही एक होतो. मॅक्स हा कोणी धनिक नव्हे. तो याच रोगाने 1991 साली गेलेला एक कोवळा मुलगा. त्याच्या घरच्या माणसांनी 1997 साली अमेरिकेत ही संस्था काढली. आपल्या देशात श्रीमती विजी वेंकटेश यांनी ते काम वाढविले, आणि ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’ या नावाने रोगी रोग्यांनाच भेटू लागले.

परंतु खरे सांगावयाचे तर माझी पहिली दीक्षा कोणत्याही सभेत झाली नाही. ती रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसमध्ये झाली. मुंबईला टाटा रुग्णालयात जाणारे मराठवाड्यातले रोगी त्या गाडीत परस्परांस फायलींवरून ओळखतात. बाकावर समोर बसलेल्या एका भाजीविक्याने माझ्याकडे निरखून पाहिले आणि म्हणाला, “गुरुजी, सकाळी डोळे सुजतात ना? पोटऱ्यांत गोळे येतात? भिऊ नका, मलाही येत होते.” एवढेच तो बोलला. मला सांगितलेले सर्व वैद्यकीय ज्ञान एका बाजूस आणि “मलाही” हा शब्द एका बाजूस! पहाटे दादरला उतरून आम्ही गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत बरोबरच गेलो. तेथे रोग्यांच्या नातेवाइकांनी एकमेकांस रांगांच्या, शिक्क्यांच्या आणि स्वस्त खाणावळींच्या गोष्टी ज्या आत्मीयतेने सांगाव्यात, तिला तोड नाही.

पुढे दिवस पालटले. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या गोळीच्या एकस्वाचा दावा फेटाळला, आणि देशी कंपन्यांनी बनविलेल्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग निर्वेध झाला. त्याआधीच, 2012 साली, आपल्या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले होते. मुंबईची फेरी पुष्कळांची टळली. ही फार मोठी सोय झाली. पण गाडीतला तो बाक मात्र गेला. जो तो आपापली गोळी आपापल्या घरी गुपचूप घेऊ लागला. तेव्हा आम्ही आठदहाजणांनी ठरविले की महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यवर्ती बसस्थानकाशेजारच्या सिद्धार्थ उद्यानात बसावयाचे. खेड्यातून एस.टी.ने येणाऱ्यास ते सोयीचे पडे. गंगापूरकडच्या एक बाई, शहागंजात शिलाईचे यंत्र चालविणारे एक वृद्ध चाचा, वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा एक तरुण, अशी ती मंडळी.

माझी चूक येथेच झाली. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील वैद्यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेली एक पाहणी मला कळली होती. 87 रोग्यांच्या औषधांच्या बाटल्यांना त्यांनी असे झाकण बसविले की ते केव्हा उघडले याची आपोआप नोंद व्हावी. शंभरातल्या नव्वदांहून अधिक गोळ्या ज्यांनी नेमाने घेतल्या, त्यांच्यापैकी शेकडा चौऱ्याण्णवांचा रोग सहा वर्षांत अत्यंत खोलवर दबला. ज्यांनी त्याहून कमी घेतल्या, त्यांच्यात हेच प्रमाण अवघे अठ्ठावीस. नव्वद टक्के म्हणजे काय? तीस दिवसांत तीन गोळ्या चुकणे! हे गणित पाहून माझ्यातला मास्तर जागा झाला. मी दोन आण्यांच्या वहीसारखी एक साधी वही घेतली, रकाने आखले, आणि दर बैठकीस प्रत्येकाची हजेरी घेऊ लागलो: तीसपैकी किती?

पहिल्याच महिन्यात तो वाळूजचा तरुण म्हणाला, “गुरुजी, सहा चुकल्या.” मी त्यास सर्वांदेखत फैलावर घेतले. घरी बायको आहे, दोन लहान लेकरे आहेत, लाज कशी वाटत नाही, वगैरे जे काही शिक्षक रागाच्या भरात बोलतो ते सर्व बोललो. त्याने मान खाली घातली. पुढच्या महिन्यापासून त्याचा आकडा बिनचूक तीसपैकी तीस. मी लाल शाईने ‘शाबास’ लिहीत गेलो आणि माझ्या शिस्तीवर मीच प्रसन्न होत गेलो. चाचांनी एकदा आपल्या दखनी बोलीत मला हळूच सुचविले की, इतके पुरेपूर गुण मिळविणारा विद्यार्थी आपण उभ्या आयुष्यात पाहिला नाही. मी ते विनोदावारी नेले.

असे वर्ष दीड वर्ष गेले असेल. एका रविवारी तो आला नाही. ताप उतरत नव्हता, हाडे ठणकत होती. अस्थिमज्जा तपासली तेव्हा ब्लास्ट क्रायसिस असल्याचे निष्पन्न झाले.

मी भेटावयास गेलो तेव्हा त्याची पत्नी बाहेर बाकावर बसली होती. ती मला म्हणाली, “गुरुजी, तुमच्या वहीत तर सगळ्या गोळ्या घेतल्याचं लिहिलंय. मी त्यांना विचारलं की ते म्हणायचे, गुरुजींची वही बघून ये.” श्रोतेहो, या वाक्याला मजजवळ तेव्हा उत्तर नव्हते, आजही नाही. आत त्याने मला सर्व सांगितले. गोळीने रात्रपाळीत मळमळे, ओकारी होई, मुकादम बोले. गोळीनेच कातडी उजळली होती, त्यावरून सहकारी थट्टा करीत आणि मग चौकशा करीत. म्हणून तो एक दिवसाआड गोळी घेऊ लागला होता. त्याला हे सांगावयाचे होते, आणि एकदा त्याने ते सांगितलेही होते. त्या वेळी मी त्याला काय ऐकविले ते वर आलेच आहे.

डॉक्टरांनी मला बजावले की, सर्व गोळ्या नेमाने घेणाऱ्यासही क्वचित हे उग्र रूप येते. औषधाला दाद न देणारे बदल पेशीत घडतात. अमक्यामुळेच झाले असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. ते खरेच असणार. पण त्याने वेळीच त्रास सांगितला असता तर डॉक्टरांनी मात्रेचा विचार केला असता, दुसरी गोळी पाहिली असती, निदान रक्ताची ती विशेष तपासणी लवकर केली असती. ही वाट मी माझ्या लाल शाईने बंद केली होती.

आणखी एक गोष्ट सांगावयास संकोच वाटतो. त्याच्या पुढच्या रविवारी उद्यानात आम्ही तिघेच होतो. कोणाला पाहुणे आले होते, कोणाची एस.टी. चुकली होती. खरे कारण सर्वांस ठाऊक होते. ज्याला आपलाच रोग आहे आणि ज्याचा रोग उलटला आहे, त्याच्या खाटेजवळ बसणे म्हणजे आरशासमोर बसणे होय. निरोगी आप्तांस हे भय नसते. ते आम्हांसच असते. आणि नेमक्या त्याच घटकेस, ज्या माणसाला “मलाही” म्हणणारे कोणी हवे असते, त्याला ते मिळेनासे होतात. मी स्वतः दोन आठवडे त्या बाजूस फिरकलो नाही. निमित्त लज्जेचे होते. भीतीही तितकीच होती.

गेले ते चाचा. रोज दुपारी नमाजानंतर ते तेथे जात. रोगाविषयी एक अक्षर बोलत नसत. तो तरुण वाळला होता, सदरे अंगावर लोंबत होते. चाचांनी मापे घेतली, सदरे नेले, आणि एकेक आत घेऊन आणून दिला. पुढे आणखी वाळला तेव्हा पुन्हा आत घेतले. ते पाहून गंगापूरच्या बाई जाऊ लागल्या, मग मी. रक्ताची आणि बिंबिकांची वारंवार गरज पडे. आम्हा रोग्यांचे रक्त कोणास चालत नाही. तेव्हा मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या दारी गेलो, आणि सांगावयास अभिमान वाटतो की एकाही दारातून रिकामा परतलो नाही. अधिक प्रखर गोळी आणि तिच्याबरोबर रसायनोपचार देऊन रोग पुन्हा सौम्य अवस्थेत आणावयाचा आणि त्या अवधीत मज्जारोपण साधावयाचे, असा बेत होता. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याचा संभव चारांत एक असतो. त्याला एकच बहीण. तिची जुळली नाही. पाचव्या महिन्यात तो गेला.

ती वही मी त्याच्या पत्नीस नेऊन दिली. तिने मागितली होती.

बैठक अद्याप चालू आहे. हजेरी आता मी घेत नाही; प्रथम मीच देतो. मागल्या रविवारी मी सांगितले की, माझ्या दोन गोळ्या चुकल्या. एका लग्नात पिशवी विसरलो आणि एकदा नुसताच कंटाळलो. चाचा म्हणाले, त्यांच्या तीन. एक नवीन मुलगा आला आहे, अभियांत्रिकीचा विद्यार्थी, तो बराच वेळ गवत उपटीत बसला आणि म्हणाला, “काका, माझ्या अकरा.” कोणी काही बोलले नाही. गंगापूरच्या बाईंनी त्याच्यापुढे भाकरीचा डबा सरकविला आणि त्याला विचारले की, मळमळ सकाळी जास्त होते की रात्री. सोमवारी चाचा त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले.