धागा तुटला की माग थांबला पाहिजे
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



या व्यासपीठावरून शिक्षणाचे महत्त्व सांगण्याचा प्रघात आहे. ते महत्त्व तुम्हांला पटले आहे, म्हणूनच आज रोजगार बुडवून तुम्ही इथे आला आहात. तेव्हा मी त्या बुडालेल्या रोजगाराविषयीच बोलावे म्हणतो. मुलाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज अशा एकेका कागदासाठी बापाला तीन-तीन खेपा घालाव्या लागतात. ज्याची मजुरी मीटरवर आहे त्याच्या घरी त्या दिवशी काय होते, हे भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीसारख्या गावांतील माणसांना समजावून सांगायला नको.

ही नासाडी ओळखावी कशी आणि थांबवावी कशी, याचे एक शास्त्र आहे. त्याला ‘लीन’ पद्धत म्हणतात. आपल्या भाषेत लीन म्हणजे नम्र. इंग्रजीत त्याचा अर्थ अंगावर फाजील चरबी नसलेला, शिडशिडीत. नाव १९८८ सालचे, अमेरिकेतले. पण विद्या जपानची आहे, आणि तिचे मूळ मोटारीत नसून मागात आहे.

साकिची टोयोडा हे १८६७ साली जन्मलेले एका सुताराचे चिरंजीव. आई हातमागावर विणायची, ते कष्ट पाहून त्यांनी माग सुधारायला घेतला. पुढे १९२४ साली त्यांनी मुलगा किइचिरो याच्यासह असा स्वयंचलित माग तयार केला, की त्यात चालत्या मागातच धोटा बदलला जाई आणि धागा तुटला की माग आपोआप थांबे. आपल्याकडच्या साध्या यंत्रमागावर आडवा धागा तुटला तर माग थांबतो. पण उभा तुटला तर बहुधा कारागिराच्या नजरेवरच सारी भिस्त. नजर चुकली की पुढचे कापड दोषाचे. साकिचींच्या मागाची कीर्ती एवढी झाली, की १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले.

टोयोडांच्याच कापड कारखान्यातून ताइची ओनो नावाचे गृहस्थ १९४३ साली टोयोटा मोटार कंपनीत आले. मागाचा हा धडा त्यांनी मोटारीच्या कारखान्याला लावला. दोष दिसला की काम तिथेच थांबवायचे, दोष पुढे सरकू द्यायचा नाही. आणि माणसाला दोष देण्याआधी ‘असे का झाले?’ हा प्रश्न एकामागून एक पाच वेळा विचारायचा. ओनोंनी नासाडीचे सात प्रकार सांगितले आहेत. गरजेपेक्षा जास्त माल काढणे, मालाचा साठा, विनाकारण वाहतूक, विनाकारण हालचाल, नको ते जादा काम, सदोष माल, आणि वाट पाहणे. मला आज फक्त शेवटच्या दोहोंशी कर्तव्य आहे.

कारण ती चूक माझ्या हातून झालेली आहे.

१९९८ साली मी एका कापड कारखान्याच्या कार्यालयात कारकून होतो. आमच्याकडे एक बुजुर्ग जॉबर होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी त्यांनी भविष्य निर्वाह निधीतून उचल मागितली. अर्ज माझ्या टेबलावर ठेवून ते पाळीवर गेले. दिवसभराचे अर्ज जमवून त्यांचा गठ्ठा संध्याकाळी पुढे पाठवायचा, अशी माझी रीत. दुसऱ्या टेबलावर गठ्ठा दोन दिवस पडला. तिसऱ्या टेबलावरचे साहेब आठवड्यातून एकदाच सह्या करीत. चौथ्या टेबलावर कळले की दुसऱ्या पानावर चाचांची सही नाही. अर्ज परत माझ्याकडे आला तेव्हा अकरा दिवस झाले होते. सगळ्या टेबलांवर मिळून हाताचे काम अर्ध्या तासाचेसुद्धा नव्हते. फीची मुदत टळली आणि मुलगी वर्षभर घरी बसली.

चाचा माझ्यावर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “साहेब, मागावर तार तुटली तर मी पुढं कापड विणत नाही.”

त्या रात्री मला झोप आली नाही. ओनोंचे नावही तेव्हा मला ठाऊक नव्हते. पण प्रश्न तेच सुचले. अर्ज का परतला? सही नव्हती. माझ्या लक्षात का आले नाही? मी पाहिलेच नाही. का पाहिले नाही? तपासणी शेवटच्या टेबलाने करायची असे ठरलेले. तसे का ठरले? कोणी ठरवलेच नव्हते, पूर्वीपासून चालत आले होते! मग बदलत का नाही? कारण वाट पाहणारा माणूस खिडकीच्या पलीकडे असतो, त्याचे दिवस आमच्या कोणत्याच रजिस्टरात लिहिले जात नाहीत.

मी एक अर्ज नीट भरून भिंतीवर लावला. अर्जदाराला समोर बसवून दोन्ही पाने तिथल्या तिथे तपासू लागलो. गठ्ठा करणे सोडले, आला अर्ज की दिला पुढे. साहेबांना सह्यांचे रोज एकदा ठरवून द्यायला मात्र महिनाभर विनवण्या कराव्या लागल्या. तेवढे झाल्यावर अर्ज दोन दिवसांत बाहेर पडू लागले. एक पैसा खर्च झाला नाही. पुढे संगणक आले, अर्ज मोबाईलवर आले. पण अपुरा अर्ज आधी घ्यायचा आणि पंधरा दिवसांनी नाकारायचा, ही खोड पडद्यावरही तशीच दिसते.

इथे कारखानदार मंडळी बसली आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. लीन म्हणजे चार माग चालवणाऱ्याच्या गळ्यात आठ माग मारणे नव्हे. टोयोटातही १९५० साली कामगारकपात झाली, संप झाला, आणि किइचिरोंना अध्यक्षपद सोडावे लागले. सुधारणा सुचवली की आपलीच नोकरी जाते, असे ज्याला वाटते तो कामगार तुम्हांला काही सुचवणार नाही. आणि नासाडी कुठे होते हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

शिक्षक बंधूंनाही एक विनंती. वह्या महिनाअखेरीस एकदम तपासल्या, तर मुलाने वजाबाकीतली एकच चूक महिनाभर गिरवलेली असते. पाचच वह्या रोज पाहिल्या तरी धागा लवकर सापडेल. आणि विद्यार्थी मित्रांनो, न समजलेले गणित सोडून पुढच्या धड्यावर जाऊ नका. हात वर करा. वर्गात हसणारे हसतील.

वजू करताना पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणीच मिळते. नळाच्या पाण्याविषयी आपण सावध असतो, पण खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या तासांविषयी नसतो. माझ्या मते त्याचा वेळ ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे.

चाचांच्या मुलीने पुढच्या वर्षी प्रवेश घेतला व शिक्षण पुरे केले, अल्हम्दुलिल्लाह. ते एक वर्ष मात्र मी तिला परत देऊ शकलो नाही.

मुख्याध्यापकांशी माझे बोलणे झाले आहे. येत्या जूनमध्ये आपल्या शाळेच्या खिडकीपाशी दाखल्याचा आणि शिष्यवृत्तीचा एकेक भरलेला नमुना लागेल, आणि अर्ज पालकासमोरच तपासून घेतला जाईल. पहिले चार शनिवार मी स्वतः वही घेऊन खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, तुमच्या रांगेत बसेन. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला आणि कोणाला दुसरी खेप पडली, एवढे मला सांगा. ज्याला दुसरी खेप पडेल त्याने तर आवर्जून सांगावे. आमचा धागा कुठे तुटतो ते त्याच्याकडूनच कळणार आहे.

खुदा हाफिज.